आठपट पाण्याची अट

नदीकाठी शहर वसले की त्याचे सांडपाणी नदीत जायचेच. तेव्हा प्रश्न उरतो तो एवढाच की, कितपत घाण नदीला पचेल, आणि ते ठरवायचे कसे?

1858 च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने लंडनचे पार्लमेंट हैराण झाले. त्यानंतर बॅझलजेट या इंजिनियराने मोठी गटारे बांधून मैला शहराच्या पूर्वेस नेऊन नदीत सोडला. पण जागा बदलली म्हणून घाण नाहीशी होत नाही. अखेर 1898 साली नेमलेल्या रॉयल कमिशनने 1912 च्या आठव्या अहवालात या प्रश्नाला आकड्याचे उत्तर दिले.

मैला कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो. म्हणून पाच दिवसांत तो किती प्राणवायू खातो, यावरून घाण मोजावी, असे कमिशनने ठरविले. स्वच्छ नदीची ही भूक लिटरमागे सुमारे 2 मिलिग्रॅम. ती 4 च्या वर गेली की नदी बिघडू लागते. आता 20 भुकेच्या एक भाग सांडपाण्यात नदीचे आठ भाग पाणी मिसळा. 20 आणि 16 मिळून 36; त्यांस 9 ने भागले की बरोबर 4. पुढे जगभर गेलेला विसाचा आकडा तो हा.

म्हणजे हा आकडा स्वयंभू नव्हता. आठपट पाणी नसेल तर तो कडक करावा, प्रवाह फार मोठा असेल तर सैल, असे कमिशननेच सांगितले होते. पण कागदावर आकडा लिहिणे सोपे, नदी मोजणे कठीण. व्यवहारात आकडा राहिला, अट मागे पडली.

1925 मध्ये स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी ओहायो नदीच्या अभ्यासावरून दाखविले की, प्राणवायू सर्वांत घटतो तो सांडपाणी मिसळते तेथे नव्हे, तर बऱ्याच अंतरावर, खालच्या प्रवाहात. हे स्थान आधीच गणिताने सांगता येऊ लागले. आज अमेरिकेत मर्यादा ठरविताना पुष्कळ ठिकाणी दहा वर्षांतून एकदा येणारा सात दिवसांचा नीचतम प्रवाह धरतात. हिशेब नदीच्या सुगीचा नव्हे, दुष्काळाचा.

महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा 1969 मध्ये, केंद्राच्या 1974 च्या कायद्याआधीच केला. देशाच्या सामान्य मानकांत नदीत सोडायच्या पाण्यासाठी 30 हा आकडा आहे. तो कडक करण्याची मुभाही आहे. पण श्रोतेहो, भाद्रपदात दुथडी वाहणारी दख्खनची नदी वैशाखात डोहाडोहांत उरते. तेव्हा आठपट पाणी आणावे कोठून? आकडा किती, हे विचारून नागरिकाने थांबू नये. तो कोणत्या महिन्याच्या नदीसाठी आहे, हेही विचारावे.