स्कूटरचें इंधन आणि स्वाराचा हात

दुसऱ्या महायुद्धानें होरपळलेल्या इटलींत मोटार सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती. अशा वेळीं १९४६ सालीं पियाजो कंपनीनें ‘व्हेस्पा’ स्कूटर आणली. ती रचली कोरादिनो दास्कानियो या विमानविद्येंतील अभियंत्यानें. पुढें हीच घडण पुण्याजवळ आकुर्डीस रुजली. १९७२ सालीं बजाजची ‘चेतक’ आली आणि नंबर लागण्याची वाट कुटुंबें वर्षानुवर्षें पाहूं लागलीं.

त्या स्कूटरींत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण कार्बुरेटर करी. थंडीच्या सकाळीं चोक ओढावा, तरीहि इंजिन न पेटल्यास गाडी एका अंगावर कलती करून पुन्हां किक मारावी, ही विद्या घरोघर बापाकडून मुलाकडे गेली. परंतु टू-स्ट्रोक इंजिनांतून न जळलेलें पेट्रोल व तेल धुराबरोबर बाहेर पडे. पुढें फोर-स्ट्रोक इंजिनें रूढ झालीं, तरी मिश्रण कार्बुरेटरच्याच हातीं राहिलें.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम देशभर लागू झाले, आणि स्वस्त स्कूटरींतहि इंधन-फवारणी सर्रास आली. आतां टाकींतील पंप पेट्रोल दाबानें पुढें ढकलतो. हवेचा दाब व तपमान जाणून एक चिमुकला संगणक पेट्रोलचें माप ठरवितो. बटन दाबतांच इंजिन सुरू होतें. मात्र बॅटरी पार उतरली कीं पंप व संगणक दोन्ही मुके होतात. तेथें फुंकर मारून जेट साफ करण्याची जुनी युक्ति चालत नाहीं.

स्वाराच्या हातची विद्या गेली खरी. पण त्याच्या मागून चालणाऱ्याच्या श्वासांतलें विष कमी झालें. हा सौदा तोट्याचा म्हणतां येणार नाहीं.