यंत्रं वाढली, पण आंबा वाढला का?

हर्णेला गेलात की सुवर्णदुर्ग बघालच. पण याच गावात भारतीय हवामान खात्याची वेधशाळाही आहे. अशा नोंदींमुळे शेतीचं उत्पादन वाढतं, असं आपण सहज धरून चालतो. खरंच वाढतं का?

आधी थोडा इतिहास. हवामान खातं १८७५ सालचं; त्यामागे वादळं आणि दुष्काळ यांचा धसका होता. पुण्यात कृषी हवामानशास्त्र विभाग सुरू झाला १९३२ साली, एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली. आणि रेडिओवरून खास शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता आली १९४५ मध्ये. म्हणजे मोजमापापासून बांधापर्यंत पोचायलाच सत्तर वर्षं! पुढे २०१७ पासून 'महावेध'खाली राज्यातल्या महसूल मंडळांत दोन हजारांहून जास्त स्वयंचलित केंद्रं उभी राहिली.

आता परिणाम कसा तपासायचा? केंद्र येण्याआधीचं आणि नंतरचं उत्पादन ताडून बघायचं, हा सोपा मार्ग. पण हापूस मुळात एक वर्षाआड धरतो. केंद्र नेमकं 'रिकाम्या' वर्षी आलं, तर पुढच्या मोहोराचं श्रेय फुकटच यंत्राला! त्यात 'कल्टार'च्या वापराने झाडं दरवर्षी धरू लागली. त्यामागे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं संशोधन आहे. उलट ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली तालुक्यातल्या बागा मोडल्या. त्यानंतरची घट काही यंत्राचा दोष नव्हे.

म्हणून तुलना हवी ती त्याच वर्षी केंद्र असलेल्या आणि नसलेल्या मंडळांची. पण केंद्रं थोड्याच काळात सगळीकडे आली. मग तुलनेला उरलं कोण?

माझ्या मते प्रश्नच बदलायला हवा. यंत्र आंबा पिकवत नाही. वेळेवर मिळालेल्या माहितीने बागायतदाराचा निर्णय बदलला, तरच फरक पडतो. फवारणी पुढे ढकलली का? अवकाळीआधी काढणी उरकली का? तपासायचं ते हे. यातून वाचलेला खर्च उत्पादनाच्या आकड्यात दिसणारही नाही.

दुसरी गोष्ट विम्याची. फळपीक विम्याची भरपाई मंडळातल्या केंद्राच्या नोंदीवर ठरते. केंद्र खाली किनाऱ्याजवळ आणि बाग वर कातळावर असेल, तर बागेतला उन्हाचा तडाखा कागदावर येईलच असं नाही. तेव्हा केंद्रं किती, याआधी विचारा: तुमच्या बागेपासून किती लांब?