उजव्या हाताची दोरी डाव्या कोपरात

आज एका डॉक्टरची गोष्ट सांगणार आहे. पण त्याआधी हातातलं काम जरा बाजूला ठेवा. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक बारीक दोरी वर आलेली दिसेल. कुणाला दिसली नाही, तर घाबरू नका. काही माणसांना ही दोरी जन्मापासूनच नसते आणि तिच्यावाचून त्यांचं काही अडत नाही. त्यांना भाकरी थापता येते, कपडे पिळता येतात.

हाडाला स्नायू जोडणाऱ्या अशा दोरीला डॉक्टर टेंडन म्हणतात. फारशी गरज नसलेली ही दोरी वापरून अमेरिकेतल्या डॉ. फ्रँक जोब यांनी कितीतरी खेळाडूंचं बंद पडलेलं काम पुन्हा सुरू करून दिलं.

जोब यांचा जन्म 1925 सालचा, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ग्रीन्सबोरो गावचा. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्याच्या वैद्यकीय पथकात होते. आघाडीवर जखमी सैनिकांना वाचवणारे डॉक्टर त्यांनी तिथे जवळून पाहिले आणि युद्धानंतर ते स्वतः वैद्यकीय शिक्षणाकडे वळले. काही वर्षं साधा दवाखाना चालवला, मग हाडांच्या शस्त्रक्रियेचं शिक्षण घेतलं. 1965 साली लॉस एंजेलिसला डॉ. रॉबर्ट केर्लन यांच्यासोबत त्यांनी खेळाडूंच्या दुखापतींवर उपचार करणारं केंद्र काढलं. तिथल्या डॉजर्स या बेसबॉल संघाचे ते डॉक्टर झाले.

आपल्याकडे क्रिकेट घरोघरी माहीत आहे. त्यात गोलंदाजाला चेंडू टाकताना वाकलेला हात झटक्याने सरळ करून चेंडू फेकता येत नाही. बेसबॉलमध्ये मात्र चेंडू फेकायचाच असतो, तोही कोपर वाकवून, अंगातली सगळी ताकद लावून. हा फेकणारा खेळाडू म्हणजे पिचर. प्रत्येक फेकीला कोपराच्या आतल्या बाजूच्या पट्ट्यावर जबर ताण येतो. दोन हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा हा पट्टा म्हणजे लिगामेंट. तो तुटला की पिचरची कारकीर्द संपलीच, असं 1974 पर्यंत सगळे धरून चालत.

त्या वर्षीच्या जुलैत डॉजर्सचा डावखुरा पिचर टॉमी जॉन याचा हा पट्टा तुटला. तो 31 वर्षांचा होता आणि त्या हंगामात त्याच्या नावावर 13 विजय आणि फक्त 3 पराभव होते. विश्रांती देऊन पाहिली, पण उपयोग झाला नाही. डॉ. जोब यांनी त्याला खरं ते सांगितलं. शस्त्रक्रिया केली तर पुन्हा खेळण्याची शक्यता शंभरात एक, नाही केली तर तीही नाही. टॉमी तयार झाला.

25 सप्टेंबर 1974 रोजी शस्त्रक्रिया झाली. हाताच्या शस्त्रक्रियेत तरबेज असलेले डॉ. हर्बर्ट स्टार्क यांना जोब यांनी मदतीला घेतलं होतं. टॉमीच्या उजव्या हातातली ती मनगटाची दोरी काढली. डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडून त्यांतून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी ती ओवून घट्ट बसवली. एका जागचं टेंडन दुसरीकडे लावण्याची पद्धत पोलिओच्या रुग्णांसाठी आधीपासून होती. पण तसा हात पुन्हा इतक्या जोराने चेंडू फेकेल का, हे कुणी करून पाहिलं नव्हतं.

सुरुवात वाईट झाली. कोपराजवळची नस दुखावल्यामुळे हाताला बधिरपणा आला, बोटं आखडली. डिसेंबरमध्ये दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. 1975 चं अख्खं वर्ष टॉमी मैदानाबाहेर होता. मातीसारखा मऊ गोळा मुठीत दाबत राहायचा, हळूहळू चेंडू फेकायला शिकायचं, असं त्याचं चाललं होतं. 1976 साली तो परतला आणि 1989 पर्यंत, म्हणजे वयाच्या 46 व्या वर्षापर्यंत खेळला. त्याच्या 288 विजयांपैकी 164 विजय शस्त्रक्रियेनंतरचे आहेत.

एवढं यश पाहून दुसरा कुणी लगेच दुकान मांडून बसला असता. जोब यांनी तसं केलं नाही. टॉमीचा हात टिकतो का, हे पाहत ते जवळजवळ दोन वर्षं थांबले आणि मगच दुसऱ्या खेळाडूवर ती शस्त्रक्रिया केली. 1986 साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 16 खेळाडूंचा हिशेब छापला. 10 जण पूर्वीच्या तोडीने खेळू लागले होते. बाकीच्यांचंही त्यात मोकळेपणाने लिहिलं होतं. आपल्या गटाच्या वहीत जमा आणि थकबाकी दोन्ही लिहितो, तसंच हे.

आज ही शस्त्रक्रिया ओळखली जाते ती ‘टॉमी जॉन सर्जरी’ म्हणून. नाव लागलं रुग्णाचं. जोब यांचा मान राहून गेला होता, तो जुलै 2013 मध्ये त्यांना मिळाला. कूपर्सटाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेमने त्यांचा जाहीर गौरव केला. तेव्हा ते 88 वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, 6 मार्च 2014 रोजी, ते गेले.

या गोष्टीला एक काळजीची बाजूही आहे. पूर्वी ही शस्त्रक्रिया मोठ्या व्यावसायिक खेळाडूंची होती, पुढे ती शाळकरी मुलांवरही होऊ लागली. शस्त्रक्रियेने हात आधीपेक्षा जोरदार होतो, असा काही पालकांचा समज झाला. तो चुकीचा आहे. परतणारा खेळाडू वर्षभर किंवा त्याहून जास्त घाम गाळतो, तेव्हा कुठे पहिल्यासारखा होतो. काहींचं तेही होत नाही. लहान वयात वर्षभर न थांबता फेकत राहणं हे दुखापतीचं मोठं कारण आहे. म्हणूनच अमेरिकेतल्या मुलांच्या ‘लिटल लीग’ स्पर्धांमध्ये 2007 पासून फेकींची संख्या मोजतात. 11-12 वर्षांच्या मुलाला दिवसाला 85 च्या वर फेकी टाकू देत नाहीत.

आता आपल्याही मुली भालाफेक करतात, क्रिकेट खेळतात. पोरगी घरी येऊन म्हणाली, “आई, कोपर दुखतंय गं,” तर बाम चोळून दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर पाठवू नका. आधी तिला जवळ बसवून विचारा, “आज किती वेळा फेकलंस?” दोन दिवस हाताला विश्रांती द्या, आणि तरीही दुखत राहिलं तर डॉक्टरांकडे न्या.