सुपरबाइक मोटारसायकलींची ट्रॅकवरील तुलना

सुपरबाइक ही सर्वसाधारण ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या स्पोर्ट मोटारसायकलीवर आधारलेली, शर्यतीसाठी सुधारलेली मोटारसायकल होय. निरनिराळ्या रचनेच्या सुपरबाइक बंदिस्त ट्रॅकवर कशा धावतात, कशा वळतात आणि कशा थांबतात, याची सर्वांत दीर्घ व प्रत्यक्ष तुलना १९८८ मध्ये सुरू झालेल्या जागतिक सुपरबाइक अजिंक्यपद स्पर्धेत घडत आली आहे. एका फेरीला लागणारा वेळ हे या तुलनेचे परिचित माप आहे. तथापि तेवढ्यावरून मोटारसायकलीचा गुण ठरत नाही. तो वेळ ट्रॅकच्या कोणत्या भागात मिळवला, कोणत्या भागात गमावला, स्वार कोण होता आणि स्पर्धेचे नियम काय होते, हेही पाहावे लागते.

फेरीचे घटक

ट्रॅकवरील प्रत्येक फेरीची विभागणी ब्रेक लावणे, वळणात शिरणे, वळणाच्या मध्यातून जाणे, वळणातून बाहेर पडताना वेग घेणे आणि सरळ भागात धावणे अशा टप्प्यांत करता येते. एका टप्प्यात वरचढ ठरणारी मोटारसायकल दुसऱ्या टप्प्यात मागे पडू शकते.

वळणाच्या मध्यातील वेग मुख्यतः टायरच्या पकडीवर आणि मोटारसायकल किती कलवता येते यावर अवलंबून असतो. १०० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर ४५ अंश कललेल्या मोटारसायकलीचा वेग गणिताने ताशी सुमारे ११३ किलोमीटर येतो. या गणितात वजनाला किंवा अश्वशक्तीला स्थान नाही. प्रत्यक्षात टायरला रुंदी असल्यामुळे त्याच वेगासाठी थोडे अधिक कलावे लागते.

ब्रेक लावताना मात्र वजन आणि वेग या दोहोंची किंमत मोजावी लागते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ताशी ३०० किलोमीटर वेगाने आलेल्या मोटारसायकलीला ताशी २५० किलोमीटर वेगाने आलेल्या तितक्याच वजनाच्या मोटारसायकलीपेक्षा ४४ टक्के अधिक ऊर्जा आवरावी लागते. सरळ भागात मिळवलेला लाभ पुढच्या वळणाच्या तोंडाशी गमावला जातो, तो बहुधा याच कारणाने.

इंजिनाच्या रचनेचा परिणाम

एका ओळीतील चार सिलिंडर: जपानी कंपन्यांनी रूढ केलेल्या या रचनेत लहान पिस्टन अधिक फेऱ्यांनी फिरतात आणि कमाल शक्ती मोठी मिळते. इंजिन लांबीला आखूड असल्याने ते पुढच्या चाकाच्या जवळ बसवता येते व पुढच्या टायरवर पुरेसा भार राहतो. उलटपक्षी, रुंदीला मोठा असलेला क्रँकशाफ्ट वेगाने फिरताना दिशाबदलाला विरोध करतो. अशा मोटारसायकलीचा लाभ घेण्यासाठी स्वार साधारणतः वळणाच्या मध्यातील वेग टिकवून मोठा, गोलाकार मार्ग धरतो.

व्ही-द्विसिलिंडर: डुकाटी कंपनीच्या ८५१, ८८८, ९१६ आणि त्यांच्या पुढील मोटारसायकलींत परस्परांशी ९० अंश कोन करणारे दोन सिलिंडर होते. ९१६ या मोटारसायकलीचे आरेखन मास्सिमो ताम्बुरिनी यांचे. तिच्या सिलिंडरचा व्यास ९४ मिलिमीटर, तर पिस्टनची धाव ६६ मिलिमीटर होती. या रचनेचे इंजिन रुंदीला अरुंद असते, मधल्या फेऱ्यांत भरपूर टॉर्क देते आणि त्यामुळे वळणातून बाहेर पडताना गिअरची निवड थोडी चुकली तरी वेग घेते. सिलिंडरांतील ज्वलन असमान अंतराने होत असल्यामुळे मागील टायरला पकड सावरण्यास क्षणभर अवधी मिळतो, असे मानले जाते. लांबीला मोठे इंजिन आणि थ्रॉटल सोडताच जाणवणारा जोरदार इंजिन-ब्रेक या तिच्या अडचणी होत. इंजिन-ब्रेकमुळे मागील चाक उड्या मारू नये म्हणून घसरता क्लच (स्लिपर क्लच) वापरला जातो.

क्रॉसप्लेन क्रँकशाफ्ट: रूढ चार-सिलिंडर इंजिनात सर्व पिस्टन एकाच क्षणी आपल्या धावेच्या टोकाशी थांबतात. त्यामुळे फिरत्या भागांच्या जडत्वातून निर्माण होणारे चढउतार ज्वलनाच्या टॉर्कमध्ये मिसळतात आणि मागील टायरशी नेमके काय चालले आहे, याचा स्वाराला येणारा अंदाज धूसर होतो. यामाहा कंपनीने २००९ च्या वायझेडएफ-आर१ मध्ये क्रँकपिन ९० अंशांच्या अंतराने बसवून हा दोष बराच कमी केला. त्याच वर्षी बेन स्पीस यांनी या मोटारसायकलीवर अजिंक्यपद मिळवले.

व्ही-चतुःसिलिंडर: होंडाची आरसी३० व आरसी४५, अप्रिलियाची आरएसव्ही४ आणि डुकाटीची पानिगाले व्ही४ आर या मोटारसायकली या गटातील आहेत. यात व्ही-रचनेचा अरुंदपणा आणि चार सिलिंडरांची शक्ती यांचा मेळ बसतो. परंतु रचना गुंतागुंतीची व महाग होते. पानिगाले व्ही४ मध्ये क्रँकशाफ्ट चाकांच्या उलट दिशेने फिरतो. त्यामुळे चाकांचा दिशाबदलास होणारा विरोध अंशतः कमी होतो आणि वेग घेताना पुढचे चाक उचलले जाण्याची प्रवृत्तीही घटते.

सांगाडा आणि मांडणी

इंजिनाइतकेच महत्त्व वजनाच्या मांडणीला आहे. १९९८ च्या यामाहा वायझेडएफ-आर१ मध्ये गिअरबॉक्सचे दांडे एकावर एक रचून इंजिनाची लांबी कमी करण्यात आली. वाचलेल्या जागेत मागील चाकाचा आधार, म्हणजे स्विंगआर्म, लांब ठेवता आला. तरीही दोन चाकांमधील अंतर १,३९५ मिलिमीटर एवढेच राहिले. हे अंतर कमी असल्यास मोटारसायकल चटकन वळते; अधिक असल्यास ब्रेक लावताना व वेग घेताना ती अधिक स्थिर राहते. म्हणून एका ट्रॅकवर उत्तम ठरलेली जुळणी दुसऱ्या ट्रॅकवर तशीच उपयोगी पडेल असे नाही. लांब सरळ भाग असलेल्या इटलीतील मोंझा येथे शक्तीला महत्त्व येते, तर नेदरलँड्समधील आसेन येथे वेगात एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळण्याची क्षमता निर्णायक ठरते.

नियम आणि न्याय्य तुलना

निरनिराळ्या रचनांची तुलना न्याय्य कशी करावी, हा या स्पर्धेतील सर्वांत जुना वाद आहे. आरंभीच्या नियमांनुसार चार सिलिंडरांना ७५० घन सेंटीमीटर, तर दोन सिलिंडरांना १,००० घन सेंटीमीटर क्षमतेची मुभा होती. कमी फेऱ्यांनी फिरणाऱ्या द्विसिलिंडर इंजिनाची उणीव भरून काढणे हा त्यामागील हेतू होता. १९८८ ते २००२ या पंधरा हंगामांपैकी अकरा हंगामांत द्विसिलिंडर मोटारसायकलीच्या स्वाराने अजिंक्यपद मिळवले. ही सवलत अवाजवी असल्याचा आक्षेप या काळात वारंवार घेतला गेला. व्ही-चतुःसिलिंडर आरसी४५ वर १९९७ चे अजिंक्यपद मिळवलेल्या होंडानेही पुढे द्विसिलिंडर व्हीटीआर१००० उतरवली आणि कॉलिन एडवर्ड्स यांनी २००० व २००२ मध्ये तिच्यावर विजय मिळवला.

२००३ पासून चार सिलिंडरांनाही १,००० घन सेंटीमीटरची मुभा मिळाली. २००८ मध्ये द्विसिलिंडरांची मर्यादा १,२०० घन सेंटीमीटरपर्यंत वाढवण्यात आली. पुढे इंजिनाच्या कमाल फेऱ्यांवर प्रत्येक मोटारसायकलीसाठी स्वतंत्र मर्यादा आली. २०१९ मध्ये अल्वारो बाउतिस्ता यांनी पानिगाले व्ही४ आर वर हंगामातील पहिल्या नऊही शर्यती जिंकल्यानंतर तिची मर्यादा मिनिटाला २५० फेऱ्यांनी उतरवण्यात आली. तरीही त्या वर्षीचे अजिंक्यपद कावासाकीचे स्वार जोनाथन रे यांना मिळाले. २०२४ पासून हलक्या स्वाराला मिळणारा लाभ मर्यादित करण्यासाठी स्वार व मोटारसायकल यांच्या एकत्रित वजनाचाही विचार होऊ लागला. त्यामुळे शर्यतींच्या निकालांवरून एखादी इंजिनरचना मुळातच श्रेष्ठ असल्याचा निष्कर्ष काढताना त्या त्या वर्षीचे नियम लक्षात घेणे अगत्याचे ठरते.

स्वाराचा वाटा

स्वार आणि मोटारसायकल यांचे गुण वेगळे काढणे अवघड असते. १९९४ व १९९५ मध्ये डुकाटीवर अजिंक्यपद मिळवलेले कार्ल फोगार्टी १९९६ मध्ये होंडा आरसी४५ कडे वळले. त्यांनी शर्यती जिंकल्या, पण अजिंक्यपद त्यांना मिळाले नाही. ते १९९७ मध्ये डुकाटीकडे परतले. त्याच वर्षी आदल्या हंगामात डुकाटी चालवणाऱ्या जॉन कोसिन्स्की यांनी आरसी४५ वर अजिंक्यपद पटकावले. म्हणजे एकाला न मानवलेली मोटारसायकल दुसऱ्याच्या हाती विजेती ठरली. पुढे टोप्राक रझगातलिओग्लू यांनी २०२१ मध्ये यामाहावर आणि २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूवर अजिंक्यपद मिळवून स्वाराचे महत्त्व पुन्हा अधोरेखित केले.

लहान क्षमतेचे वर्ग

हाच प्रश्न लहान मोटारसायकलींच्या बाबतीतही उद्भवतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या सुपरस्पोर्ट ३०० या जागतिक वर्गात ३२१ घन सेंटीमीटरची द्विसिलिंडर यामाहा वायझेडएफ-आर३, ३९९ घन सेंटीमीटरची द्विसिलिंडर कावासाकी निंजा ४०० आणि ३७३ घन सेंटीमीटरची एकसिलिंडर केटीएम आरसी ३९० अशा भिन्न मोटारसायकली एकत्र धावल्या. यांपैकी आरसी ३९० चे उत्पादन पुणे जिल्ह्यातील चाकण येथील बजाज ऑटोच्या कारखान्यात होत आले आहे. या वर्गात वजन आणि इंजिनाच्या फेऱ्या यांवर मर्यादा घालून समतोल साधला गेला. शक्ती कमी असल्याने वळणात गमावलेला वेग सरळ भागात भरून काढता येत नाही; म्हणून येथे वळणातील नेमकेपणाला अधिक मोल असते.

तुलनात्मक चाचणी

शर्यतीबाहेर घेतल्या जाणाऱ्या चाचणीत एकाच दिवशी, एकाच ट्रॅकवर, एकाच प्रकारचे टायर लावून, त्याच स्वारांकडून मोटारसायकली चालवून घेणे आवश्यक मानले जाते. ट्रॅकचे तापमान, टायरची झीज आणि स्वाराचा थकवा यांमुळे फेरीच्या वेळेत पडणारा फरक दोन मोटारसायकलींमधील फरकापेक्षा मोठा असू शकतो. यासाठी मोटारसायकली चालवण्याचा क्रम आलटून-पालटून ठेवतात आणि वेग, ब्रेकचा दाब, थ्रॉटलची स्थिती यांची यंत्राद्वारे नोंद घेतात.

अनुभवी शर्यतपटूच्या हाती सर्वांत वेगवान ठरलेली मोटारसायकल नवशिक्याच्या हाती तशीच ठरते असे नाही. ज्या मोटारसायकलीचा टॉर्क सौम्यपणे वाढतो, जी ब्रेक लावताना स्थिर राहते आणि पकड सुटण्यापूर्वी स्वाराला सूचना देते, ती कमी शक्तीची असूनही सामान्य स्वाराला अधिक वेगाने व अधिक सुरक्षितपणे फेरी पूर्ण करू देते. म्हणून चाचणीच्या अहवालात सर्वोत्तम वेळेबरोबरच निरनिराळ्या स्वारांच्या वेळा आणि त्यांचे अभिप्रायही स्वतंत्रपणे नोंदवणे उपयुक्त ठरते.