भाकरी थापायला लावणारं बोर्डिंग

सातारच्या शाहू बोर्डिंगमध्ये सगळ्यात अवघड विषय कोणता होता? गणित नव्हे, इंग्रजीही नव्हे. माझ्या मते, स्वयंपाक.

भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. इथल्या बोर्डिंगात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी पोरं एकाच छपराखाली राहायची. झाडलोट त्यांनीच करायची, भांडी त्यांनीच घासायची, चूलही त्यांनीच पेटवायची.

आज हे हॉस्टेलच्या आठवणींसारखं वाटेल. पण त्या काळी गावागावांत पाणवठे वेगळे होते. पीठ मळायला पाणी लागतं, आणि कुणाच्या हातचं पाणी चालतं यावर तर जातीचा सगळा डोलारा उभा. इथं मळलं एकानं, थापलं दुसऱ्यानं, आणि पंगतीत खाल्लं सगळ्यांनी. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते या बोर्डिंगाला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. त्याच वर्षी महाडला तळ्याचं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, म्हणजे ही भाकरी किती जड होती ते कळेल. समतेवर भाषण ठोकणं त्या मानानं सोपं.

भाऊरावांना हे सुचलं कुठून? ते स्वतः मॅट्रिकही नव्हते. घराणं आजच्या सांगली जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. काही काळ त्यांनी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली होती, तीही सांगलीकडेच. लोखंडानं जमीन नासते, असं तेव्हा अनेक शेतकऱ्यांना वाटायचं. अशा माणसाला पत्रक वाचून दाखवून काय उपयोग? नांगर रानात चालवूनच दाखवावा लागतो. पुढे शाळा चालवताना हा फिरतीचा अनुभव त्यांच्या कामी आला असणार, असा माझा अंदाज आहे.

तर बोर्डिंगातली पोरं शेतात राबली, बागेला पाणी देत राहिली, बांधकामावर दगड वाहिले. संस्थेचं ब्रीदच ‘स्वावलंबी शिक्षण’. यालाच पुढे ‘कमवा आणि शिका’ म्हणू लागले. साताऱ्यात १९४७ साली निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजातही घाम गाळून शिकणारी पोरं होती.

इथं एक प्रश्न मला टोचतो. अमेरिकेत बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ साली टस्कीगी इथं कृष्णवर्णीयांसाठी शाळा उभारली. तिथं विद्यार्थ्यांनी स्वतः विटा भाजल्या, इमारती बांधल्या, सुतारकाम केलं, शेती केली. त्यावर ड्यू बॉईस यांनी टीका केली: गरिबाला हातकामच शिकवत राहिलात, तर वरच्या खुर्च्या कायम दुसऱ्यांच्याच. टीका खरीच होती. शेतकऱ्याच्या पोराला खुरपं धरायला शिकवण्यात कसलं आलंय शिक्षण? ते तर तो घरूनच शिकून येतो. श्रीमंताच्या मुलाला मात्र फीसाठी खड्डे खणावे लागत नाहीत.

पण साताऱ्यात कष्ट हा अभ्यासक्रम नव्हता, ती फी होती, असं मला वाटतं. गांधीजींच्या १९३७ च्या नई तालीममध्ये हस्तकला शिक्षणाच्या मध्यभागी होती. इथं कुदळ खाली ठेवली की पोरगं तेच बीजगणित सोडवायचं, जे पुण्यामुंबईतलं पोरगं सोडवायचं. फरक इतकाच की कुदळ धरल्याची लाज वाटू नये, याचीही शिकवणी सोबत व्हायची.

एका व्यक्तीचं शिकणं मात्र या कौतुकात कुठंच मोजलं जात नाही. मुलांनी स्वयंपाक केला की तो प्रयोग, आणि भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी केला की घरकाम! सोवळंओवळं पाळणाऱ्या जैन घरात वाढलेल्या या बाईनं सगळ्या जातींची पोरं स्वतःच्या चुलीपाशी घेतली. त्यासाठी तिला काय काय मोडावं लागलं असेल, ते तिनं कुठल्या वर्गात बसून गिरवलं नव्हतं. धान्य संपलं तसे अंगावरचे दागिने गेले. एकदा घरात काहीच उरलं नव्हतं, तेव्हा मंगळसूत्रही गेलं. १९३० साली त्या वारल्या. संस्थेचं अध्यापक विद्यालय निघायला अजून पाच वर्षं होती, आणि बोर्डिंगातली चूल तेव्हाही रोज पेटत होती.