ट्रॅक्टरचे इंजिन ऑइल कधी बदलावे?

केम (ता. करमाळा, जि. सोलापूर) परिसरात उन्हाळी नांगरटीत धूळ व उष्णतेमुळे इंजिन ऑइल लवकर खराब होऊ शकते. मात्र ऑइल काळे पडले म्हणजे ते बाद झाले, असे नाही. त्यातील डिटर्जंट घटक काजळी धरून ठेवतात, म्हणून रंग बदलतो.

घरगुती तपासणी: इंजिन बंद करून डिपस्टिकवरील एक थेंब फिल्टर पेपरवर टाका व काही तास ठेवा.

- डाग एकसारखा पसरला: ऑइल काजळी पेलत आहे.
- मध्ये दाट काळा ठिपका राहिला: ऑइल बदला.
- ऑइल दुधाळ दिसले: पाणी शिरले आहे, इंजिन चालवू नका.
- पातळ, डिझेलचा वास: नोझल व पंप तपासून घ्या.

डाग चांगला आला तरी कंपनीच्या पुस्तिकेतील तास ओलांडू नका. ऑइलसोबत फिल्टरही बदला. जुने ऑइल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका.