पैनगंगेपल्याडचा रुमाल

आमच्या घरात आबांच्या रुमालाची गोष्ट अभिमानानं सांगितली जायची. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. कागद लाल खारव्यात गुंडाळून गाठ मारलेलं दफ्तर. आबा निजामाच्या राज्यातले पटवारी. सरकारी कारभार उर्दूत आणि फसली सालानं चालायचा. आबा रात्री कंदिलापाशी बसून जमाबंदीच्या आकड्यांची मोडीत नक्कल उतरून ठेवत. 1948च्या उन्हाळ्यात रझाकारांचं भय वाढलं, तेव्हा हा रुमाल बैलगाडीत कडब्याखाली दडवून पैनगंगेपल्याड, उमरखेडकडं, आजीच्या माहेरी गेला. पल्याड वऱ्हाड, हिंदुस्थान सरकारचा मुलूख. अस्सल आणि नक्कल एका छपराखाली निजवू नये, असं आबा म्हणत.

काकांनी हे वाक्य नोकरीत जन्मभर वापरलं. 1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला, त्या सुमारास ते एका कचेरीत युनिक्सची यंत्रं सांभाळत. यंत्रं चार, टेप ड्राइव्ह एकच, कारण ड्राइव्ह महाग. डॅटची कॅसेट काडेपेटीहून जराशी मोठी. आत चार मिलिमीटर रुंदीची 90 मीटर फीत, तिच्यावर दोन जीबी माहिती. बाकीची तीन यंत्रं केबलवरून याच ड्राइव्हवर लिहीत. बर्कलेच्या युनिक्समध्ये 1983 साली आलेला ‘आरएमटी’ नावाचा छोटासा प्रोग्राम ही हमाली करायचा. लांबच्या यंत्राच्या वतीनं तो टेप उघडायचा, लिहायचा, बंद करायचा. ज्या यंत्रांना आत घ्यायचं त्यांची नावं एका फाइलीत लिहिली, की त्यांना पासवर्ड विचारला जात नसे.

“नुसत्या नावावर दार उघडता?” आजीनं विचारलं होतं. रझाकारांचे दिवस पाहिलेली बाई ती.

कॉलेजात असताना मी कधी कधी डबा घेऊन जायचो. केबलवरून माहिती धीम्यानं आली की फीत थांबायची, थोडी मागं जायची, पुन्हा धावायची. शिंप्याच्या मशीनसारखा तो अडखळता आवाज अजून कानात आहे. त्यात लोडशेडिंग, फीत अर्ध्यावर असताना वीज गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. शनिवारी काका कॅसेट घरी आणत. “नर्सीच्या नामदेवांची 61 पदं पंजाबात गुरू ग्रंथसाहिबात आहेत, ही त्यातलीच तऱ्हा,” असं ऐटीत म्हणत.

मग दुसऱ्या यंत्राची डिस्क बसली. काकांनी शांतपणे कॅसेट लावली. तिच्यावर फक्त चौथ्या यंत्राची माहिती निघाली.

घोळ एका अक्षराचा होता. टेपला दोन नावं असतात. ‘आरएमटी झीरो’ (हे ड्राइव्हचं नाव, मघाचा प्रोग्राम नव्हे) म्हटलं, की काम संपल्यावर फीत आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. आधी ‘एन’ लावला, तर जिथली तिथं थांबते. काकांनी ‘एन’ लावलाच नव्हता. त्यामुळं दर रात्री चारही यंत्रांनी एकाच पाटीवर, आधीचं पुसत, लिहिलं. पडद्यावर चूक म्हणून एक ओळ आली नाही. प्रत्येक लिखाण आपापल्या जागी बिनचूकच होतं ना!

तीन आठवडे कागदी रजिस्टरांवरून नोंदी पुन्हा चढवल्या. मी वाचायचो, काका टाइप करायचे. एका रात्री ते न जेवताच ओसरीवर बसले. आजी शेजारी टेकली.

“उघडून पाह्यली होती का रे कधी ती फीत?”

काका गप्प.

“तुझ्या आबानंबी नव्हती पाह्यली.”

ती गोष्ट तेव्हा पहिल्यांदा बाहेर आली. सप्टेंबरात पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजाम शरण आला, रुमाल परत आला. चावडीतलं अस्सल दफ्तर शाबूत होतं, म्हणून नकलेची गरजच पडली नाही. आजीनं एकटीनं माजघरात रुमाल सोडला. आत वाळवीनं केलेली माती, तीत दोन-चार मोडी अक्षरांचे तुकडे. तिनं ती माती परसात टाकली, रिकामा रुमाल धुऊन वाळत घातला आणि आबांना सांगितलं, कागद पेटीत ठेवलेत.

“गाठ मात्र त्यांनी मारली तशीच होती,” आजी म्हणाली.